सव्वा मूठ

फोन ठेवल्यावर रत्नाच्या लक्षात आलं, की हातातली पोत सुटली आहे आणि काळे मणी गादीवरून फरशीवर, फरशीवरून थेट उंबऱ्यापर्यंत पळाले आहेत. जळगावच्या सराफ बाजारात, दोन पेढ्यांच्या मधल्या बोळकांडीत तिची ही गादी. दिवसभर दुसऱ्यांची मंगळसूत्रं ओवायची, हा तिचा धंदा. समोर स्टुलावर बसलेल्या प्रमिलाबाईंनी पाय आखडून घेतले. "अगं बाई, माझ्या लेकीची पोत ती! लग्नाआधीच तोडलीस होय?" रत्ना वाकून मणी वेचत म्हणाली, "तोडली नाही हो, सांडली. सांडलेलं ओवता येतं. तुटलेल्याचं काय करायचं ते मला विचारा, माझा त्यातला अभ्यास आहे." प्रमिलाबाई हसल्या, पण बेताचंच, नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईच्या हातून लेकीची पोत ओवून घेतो आहोत, ही रुखरुख त्यांच्या हसण्यात होती. रत्नाला ती दिसली आणि नेहमीसारखी लागली नाही. तिच्या कानात भावाचाच आवाज होता. समाधान म्हणाला होता, "अक्का, शनिवारले ये. यंदा तुनी बी मूठ धरानी सांगेल शे आबास्नी." तुझीसुद्धा मूठ. एवढ्याशा शब्दांनी हात सैल पडला होता. मणी वेचताना तिनं आपला पंजा उघडला नि पाहिला. सुईनं टोचून टोचून बोटांची टोकं राठ झालेली, तळवा मात्र लहान मुलीसारखा मऊ. कुणी ही मूठ कधी मोजली नव्हती.

श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई देवी येते. नारळाला डोळे, नाकात नथ, अंगावर शालू, अशी नटून रविवारी पाटावर बसते नि सोमवारी नदीला जाते. तिचे रोट म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, त्यांचे गहू त्याआधी शनिवारी मोजून धरतात. घरात जितके पुरुष तितक्या मुठी गहू. मुठीवर चिमूटभर वाढता, म्हणून सव्वा मूठ. आजोबाची धरायची, बापाची धरायची, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा धरायची. त्या पोराला अजून मूठ आवळता येत नाही, पण परातीत त्याचे गहू पडतात. बायकांचे पडत नाहीत. त्या दळतात, मळतात, भाजतात. मग लेकी माहेरी असेपर्यंत चार घास खातात नि एकदा उजवल्या की त्यांना रोट बंद. रोट भाऊबंदांनीच खायचे; परक्याच्या तोंडी कण जाता कामा नये, उरलेसुरले तर खड्डा करून पुरायचे. रत्नाची आई मंजुळाबाई जात्यावर बसली, की तिच्या ओठांवर एक ओळ असायची. कुणी शिकवली नव्हती, तिची तिलाच सुचली होती: *मूठ भरनी बापनी, मूठ भरनी भाऊनी, लेक उडता दाना माय, वार्‍यासंगे जावानी.* लहानपणी रत्ना त्या उडत्या दाण्यावर खूश असायची. दाणा उडतो, भाऊ परातीत पडतो, आपलं बरं आहे, असं तिला वाटे. पुढे धुळ्याला दिली तेव्हा कळलं, की दाणा उडतो खरा, पण त्याला खाली पडावंही लागतं. सासरची माणसं शहरी बोलायची, नवरा दुसरीकडेच गुंतलेला; सासू म्हणायची, "ते शे-शे बंद कर आधी, पाहुण्यांत लाज वाटते." रत्नानं 'शे' बंद केलं. मग बाकीचंही एकेक बंद होत गेलं, आणि एके दिवशी ती स्वतःच दार ओढून बाहेर पडली. तेव्हापासून ती सासरच्या कानबाईची नाही आणि माहेरच्याही नाही. दर श्रावणात तो रविवार येई. बोळकांडीच्या तोंडाशी बायका फुगड्या घालत, कुणाच्या घरातून भाजल्या कणकेचा वास येई, आणि रत्ना गादीवर बसून मणी ओवत राही. दार मात्र लावून घेत नसे. माझ्यापासून लपवायचं तर तुम्ही लपवा, मी कशाला लपू?

आता बोलावणं आलं होतं. पण फोन तेवढाच नव्हता. समाधान जरा घुटमळला होता, खाकरला होता, आणि मग एका दमात बोलला होता. भाऊबंदांतले थोरले, वना आबा, त्यांचं म्हणणं असं, की त्या पोरीनं जळगावच्या कंपनीला दिलेलं रक्त परत घ्यावं. परत म्हणजे काय, ते झाडात आहे ना, तर ती झाडं जाळायला सांगावीत. "तुनाच हातमां शे ना ते, अक्का? तू नही म्हनी, की जाळतस, असं तूच सांगं व्हतं दिपमालाले." हो, तिनंच सांगितलं होतं. भावजयीला, हौसेनं, एका लग्नात पंगतीला शेजारी बसून. माझ्या रक्तातली विद्या घेऊन झाडं औषध करताहेत, असं ती म्हणाली होती, आणि दिपमालाचा घास हातात राहिला होता. तिथून ते पंगतभर झालं, गावभर झालं, आणि आबांपर्यंत जाईस्तोवर 'रत्नानं कुळाचं रगत तंबाखूत घातलं' असं झालं. "आणि नाही जाळलं तर?" रत्नानं विचारलं होतं. "मंग कसानी मूठ, अक्का," समाधान हळूच म्हणाला होता. सैल पडलेल्या हातातून मणी सांडले ते तेव्हा.

झाडं जाळणं खरंच तिच्या हातात होतं. गेल्या आठवड्यात रुची येऊन गेली होती. मारवाडी जैनांची पोरगी, आजोबांची बियाण्यांची पेढी, तिथूनच पुढे त्यांनी ही औषधांची प्रयोगशाळा, समाधान म्हणाला ती कंपनी, काढलेली. रुची परदेशात शिकून आलेली, पण गादीवर मांडी ठोकून बसते आणि चहा बशीत ओतून पिते. ती म्हणाली होती, "रत्नाताई, आता पुढचा टप्पा माणसांवरच्या चाचणीचा. त्याआधी तुम्हाला पुन्हा विचारायचा नियम आहे. पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच, तुम्ही नको म्हणालात तर आम्ही थांबू. रोपं, बी, सगळं वाफेत शिजवून जाळून टाकू. कारण विचारणार नाही." रत्ना म्हणाली होती, "एवढ्या काळजीनं विचारतेस, मला सवय नाही गं." लग्नात कुणी विचारलं नव्हतं. आणि आज दोन्हीकडून विचारणं आलं होतं. एका बाजूला पानं, दुसऱ्या बाजूला परात.

उठताना तिनं गुडघ्याला हात लावला. डावा पाय, आत सळई घातलेली, पूर्ण दुमडत नाही. मांडीपासून पोटरीपर्यंत कातडी दुसरीकडची, ओढून शिवल्यासारखी. थंडीत ती आधी जागी होते, मग रत्ना. घर सोडल्यानंतर एकदा धुळ्याहून परत येताना पारोळ्याच्या अलीकडे टँकरनं स्कूटरला घासलं होतं. पुन्हा धुळ्यालाच नेलं, वॉर्डात टाकलं. तो वॉर्ड तिला अजून वासानं आठवतो. जखमेत जंतू शिरला होता, आणि त्याला वास होता चक्क द्राक्षांचा, गोड, पिकून उतू गेलेल्या द्राक्षांचा. पट्टी सोडली की कापसावर निळसर हिरवा डाग. शेजारच्या खाटेवर सारिका होती, धरणगावची. रस्त्याकडेला केळीचे वेफर्स तळायचा त्यांचा गाडा. कढई कलंडली नि उकळतं तेल पोटापासून पायापर्यंत. लग्न ठरलेली पोर, पण काय जीभ तिची! पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "रत्नाताई, तुना पायले बी अंगूरना वास येस का?" येतो म्हटल्यावर ती भलतीच खूश झाली. "मंग आपलं बरं शे. लोके फुलंना गजरा माळतस, आपले अंगूर." तिचीही पट्टी हिरवी-निळी झाली तेव्हा म्हणाली, "देख, आपुन दोन्ही मोर व्हई ऱ्हायनूत." सिस्टर हसायला लागल्या नि हसता हसता तोंड फिरवून गेल्या. डॉक्टर एक औषध बंद करत, दुसरं सुरू करत. जंतू कुठल्याच औषधाला जुमानत नव्हता. दोघींना तापही एकदमच चढे. खाटांच्या मधल्या फटीतून सारिका हात पुढे करी आणि रत्ना तो धरी. तिचा तळवा तापानं फुललेला, रत्नाचाही तसाच, कुणाचा ताप कुणाच्या हातात चढतोय ते कळत नसे. सारिका बरळायची, "धरी ठेव, ताई, मी उडी जासू." रत्नानं धरून ठेवलं. पण बाहेरून धरून काय होतं? एके सकाळी रत्नाचा ताप उतरला, अंगातून घाम पाण्यासारखा वाहिला, आणि त्याच सकाळी सारिका गेली. खाटेखाली सतरंजीवर बसलेली तिची आई बेबाबाई उठून उभी राहिली. ती लेकीकडे बघत नव्हती, रत्नाकडे बघत होती. "तुले काय अमृत पाजेल शे का वं?" एवढंच म्हणाली. शाप नव्हता तो, खराखुरा प्रश्न होता. म्हणूनच रत्नाला तो फेकून देता आला नाही. पायातल्या सळईसारखा तो आत राहिला. एकच वॉर्ड, एकच वास, एकच हिरवा डाग. मग मी का?

त्याचं उत्तर पुढे रुचीनं आणलं. वॉर्डातल्याच एका डॉक्टरनं रत्नाला विचारून तिचं थोडं रक्त ठेवून घेतलं होतं, ते रुचीच्या प्रयोगशाळेत पोचलं. रुची म्हणाली, त्या रक्तानं त्या जंतूला नेमकं ओळखून धरणारी एक चीज बनवली आहे, प्रतिपिंड म्हणतात तिला. कागदावर तिनं चित्र काढलं. वर दोन फाटे, खाली दांडा. रत्नाला ते दोन्ही हात वर केलेल्या बाईसारखं दिसलं. "आम्ही रक्त झाडात घातलं नाही, ताई. हे हात कसे घडवायचे, ती कृती तेवढी झाडाला शिकवली." रत्ना म्हणाली, "म्हणजे शेजारणीला पुरणाची कृती दिली, पुरण नाही दिलं." "अगदी!" मग ती रत्नाला हरितगृह दाखवायला घेऊन गेली. दाराला दार, त्याला पुन्हा दार. अंगावर पांढरा झगा, पायांत निळ्या पिशव्या. एक कण बाहेर जाऊ द्यायचा नाही, म्हणून हवासुद्धा गाळून सोडतात. आतली पानं मऊ, रुंद, तंबाखूच्या जवळच्या नात्यातली, आणि रंग... तो रंग पाहून रत्ना दारातच थबकली होती. तिला हिरव्याची भीती बसली होती. त्या पट्टीनंतर तिनं कधी हिरवं लुगडं घेतलं नव्हतं, हिरव्या बांगड्या तर आधीच सुटल्या होत्या. आणि इथे सगळीकडे हिरवंच, पण वास द्राक्षांचा नव्हता. ओल्या मातीचा, ठेचलेल्या देठाचा. तिनं हातमोज्यातलं बोट एका पानाला लावलं. पान थंड होतं. ताप नव्हता त्याला. याच्या आत, शिरेशिरेत, ते दोन हात वर केलेल्या बाया उभ्या आहेत, आणि त्यांना माहीतही नाही सारिका कोण. रुची सांगत होती, झाडाला सवय असते, जे घडवेल त्याला स्वतःची साखर चिकटवायची. ती साखर माणसाच्या अंगाला परकी वाटते, म्हणून या झाडांची ती सवय मोडली. "सोसतं का त्यांना?" रत्नानं पटकन विचारलं. तिला 'शे-शे बंद कर' आठवलं होतं. रुची जरा गोंधळली, मग म्हणाली, "वाढतात की छान." रत्ना पानाला मनातल्या मनात म्हणाली, मीही वाढले होते बाई, पण तुझं तसं होऊ नये.

त्या दिवशी रुचीचे आजोबा, जवरीलालजी, तिथेच होते. चपला बाहेर काढून, हात जोडून, देरासरात, जैनांच्या देवळात, यावं तसे ते झाडांपाशी आले. "बाई, मला ही गोष्ट का आवडली सांगू? यात घोड्याचं रगत नाही, उंदराचं नाही. पत्ता आहे पत्ता, नुसतं झाडाचं पान. पण एक शंका आहे. रुची, ये जंतु को मारता है क्या?" रुची हसू दाबत म्हणाली, "नहीं दादाजी, हे फक्त धरून ठेवतं. मारायचं काम शरीराचं." म्हातारबांनी मान डोलावली. "मग ठीक. पाप शरीराचं, आपण फक्त पकडलं." बाहेर पडल्यावर रुची म्हणाली, "ताई, खोटं सांगणार नाही. उंदरांत गुण दिसला आहे. माणसांत दिसेलच असं नाही. बरीच औषधं इथून पुढे अडतात." "अडू दे," रत्ना म्हणाली, "अडेपर्यंत तर जाऊ दे."

हे सगळं खरं, आणि तरीही ते चार दिवस रत्नाला परातच दिसत होती. पितळेची, काठ दुमडलेला, मधोमध आजोबांचं नाव कोरलेलं. गोलाणी मार्केटच्या जिन्यावरून उतरताना, भाजीवालीकडून गंगाफळाची फोड घेताना, सरकारी नळापाशी उभी असताना, तिच्या मनात गहू पडत होते, सर्र, आणि कुणीतरी म्हणत होतं, रत्नाची. तिला जायचं होतं. हे तिनं स्वतःपाशी लपवलं नाही. तिला त्या ओसरीवर बसायचं होतं, भाच्याचं नाक पुसायचं होतं, 'शे' म्हणायचं होतं पोटभर, आणि रोटाचा पहिला तुकडा, भाजलेला, मिठाचा कण नसलेला, तुपात बुडवून जिभेवर ठेवायचा होता. झाडं काय, झाडंच ती. तिनं 'नको' म्हटलं तर रुची कारणही विचारणार नव्हती. कुणीच विचारणार नव्हतं. विचारणारी एकच होती, आणि ती धरणगावच्या रस्त्यावर वेफर्स तळत होती. या विचारापाशी आलं की रत्नाचा पाय ठणकू लागे, ओढून शिवलेली कातडी आवळे, आणि तिला राग येई. राग आबांचा नव्हता, समाधानचा नव्हता. आपल्याला मूठभर गव्हांची इतकी भूक असावी, याचा होता. आणि मग त्याच्याही पुढचा: ती भूक हेरून कुणी तिचा भाव ठरवावा!

शनिवारी ती एसटीनं गावी गेली. ओसरीवर सगळे जमले होते. वना आबा भिंतीला टेकून, समोर परात, शेजारी गव्हाचं पोतं. दिपमाला दारामागून डोळ्यांनीच हसली. आबांनी तिला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला. हाताला तोच तपकिरीचा वास. वाईट माणूस नव्हता तो. वॉर्डात तिला पाहायला आलेला भाऊबंदांतला तो एकटा. नावं घेऊन मुठी पडू लागल्या. आबांची, समाधानची, चुलतभावांची, सुरतेला गिरणीत असलेल्यांची, भाच्याची. मग आबा थांबले. "रत्ना," ते म्हणाले आणि पोत्यात हात घातला. वर आलेली मूठ जाड, शिरा फुगलेली, बोटांच्या फटींतून दाणे गळत होते. सर्र. वर चिमूट. बायकांतून कुणीतरी "माय वं!" म्हणालं.

"आते सांग त्यास्ले फोन करीसन," आबा म्हणाले. "जाळी टाका म्हना."

"आबा, जाळानं कसाले?"

"बेटा, रोट घरनाच मानसं कसाले खातस? रगत एक शे म्हनीसन. तुनं रगत तू पानमां घालं. पानमाईन ते कोना बी आंगमां जाई. मंग आपला कोन नि परका कोन, मी कसा मोजू?" त्यांचा आवाज खरंच कापला. रत्नाला वाटलं, याच्या जागी मी असते तर मलाही भीती वाटली असती. सगळं आयुष्य परातीशी बसून काढलेला माणूस. मोजणं सुटलं तर त्याच्या हाताला काम काय?

"नका मोजू, आबा."

"नही मोजं, ते रोट कसाना?"

समाधान खाली बघत होता. रत्नानं परातीकडे पाहिलं. तिच्या नावाचे गहू अजून ढीग धरून होते, बाकीच्यांत मिसळले नव्हते. ती म्हणाली, "तुम्ही मनी मूठ धरी ना?"

"धरी."

"मंग ती मनी शे." आणि तिनं दोन्ही हात परातीत घातले. आबांची मूठ तिच्या एका मुठीत मावणारी नव्हती. दोन ओंजळी लागल्या. गहू तिनं पदरात घेतले, चिमूटसुद्धा सोडली नाही, आणि गाठ मारली. उठताना पाय अडला, पण समाधाननं पुढे केलेला हात तिनं धरला नाही. "झाडं जाळा असं मी सांगाव नही, आबा. त्या पानमां मना हात शेत. ते ज्याना आंगमां जातीन, तो मना भाऊबंद. तुम्हना मोजामां बसो नही ते नको बसो."

"कानबाई देखी ऱ्हायनी, रत्ना!"

"देखू द्या. तिले बी डोया शेत ना!"

पायऱ्या उतरताना मागून कुणी हाक मारली नाही. फाटकापाशी मात्र धापा टाकत दिपमाला आली, पदराखालून तुपाची वाटी काढून तिच्या पिशवीत घातली, मागे एकदा पाहिलं. "अक्का," ती कुजबुजली, "पुढला साले मनी बी मूठ धरशी का? तुनाकडे?" रत्नाला हसू फुटलं. स्टँडवर उभ्याउभ्याच तिनं रुचीला फोन लावला. "रुची, माझं हो आहे. लाव झाडं. भरपूर लाव."

रविवारी बोळकांडीच्या तोंडाशी बायकांचं गाणं होतं, ढोल होता. रत्नानं गिरणीवाल्या छगनच्या हातापाया पडून गिरणी आधी झाडून घेतली, मग ते एवढेसे गहू दळून आणले. "अक्का, एवढ्यात तर चिमणीसुद्धा जेवत नाही," तो म्हणाला. खोलीत नारळ नव्हता, पाट नव्हता, शालू नव्हता. तिनं स्टोव्हजवळच्या भिंतीला कुंकवाची दोन बोटं लावली, ते डोळे झाले. कणीक घट्ट मळली. तव्यावर रोट टाकला आणि तो वास उठला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दारातून आलेला, आज तिच्या दारातून बाहेर निघालेला. दार तिनं आजही उघडंच ठेवलं होतं. आईची ओळ आपसूक ओठांवर आली, उडत्या दाण्यापाशी आली आणि नेहमीसारखी थांबली नाही. पुढचं तिचं तिलाच सुचलं, मंजुळाबाईला सुचायचं तसं: *उडेल दाना पडना, पडना तठेच रुजना, पानपानमां हात मना, कोना कोना व्हयना.* तिनं ते पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. शेजारच्या पेढीवरचा नोकर डोकावून गेला. एक रोट तिनं तुपात बुडवून खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत. दुसरा स्वच्छ फडक्यात बांधून ठेवला.

सोमवारी सगळीकडे कानबाया डोक्यावर घेऊन बायका पाण्याकडे निघाल्या होत्या. रत्नाची बस त्यांच्यातून वाट काढत धरणगावला पोचली. गाडा तिथेच होता, रस्त्याच्या कडेला, कढई तीच की नवी कोण जाणे. बेबाबाई किसणी थेट कढईवर धरून कच्ची केळी सरसर ओढत होती. चकत्या तेलात पडून फुलत होत्या. तिनं वर पाहिलं. ओळखलं. हात थांबला नाही.

"काय लयनी वं?"

"रोट. कानबाईना."

"कोनी कानबाई?"

"मनी."

बेबाबाईनं केळीचं उरलेलं टोक टाकलं, दुसरं घेतलं. "रोट भाऊबंद खातस. मी कोन तुनी?" तेल चरचरत होतं. मग बेबाबाईनं किसणी खाली ठेवली. त्या वॉर्डात उभी राहिली होती तशीच ती उभी राहिली. "आयकं मी. झाडमां औषध कराले लागनीस म्हने. मनी सारिकाना वखतले कोठे व्हतात वं तुना पानं?"

रत्नानं एवढ्या वर्षांत हिच्या प्रश्नाची किती उत्तरं घोकली होती. रक्त, नशीब, डॉक्टर, जंतू. ती सगळी तिनं बाजूला ठेवली. "नही व्हतात," ती म्हणाली. "आते शेत."

कढईत चकत्या तांबूस होऊ लागल्या, करपायला आल्या, तेव्हा बेबाबाईनं झाऱ्यानं त्या उपसल्या, स्टोव्ह बारीक केला, तेलाचा हात लुगड्याला पुसला आणि पुढे केला. रत्नानं फडकं सोडलं. बेबाबाईनं रोट मोडला, तुकडा तोंडात घातला, सावकाश चावला. डोळे भरून आले तरी चावणं थांबवलं नाही. उरलेला अर्धा तिनं रत्नापुढे धरला.

"उभी कसाले वं?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "भाऊबंद काय उभं राहीसन जेवतस? बठ."

रत्नाचा तो पाय दुमडत नसे. तिनं तो गाड्याच्या पुढे, भर रस्त्यावर सरळ लांब सोडला नि बसली. एक रिक्षावाला हॉर्न वाजवत आला, थांबला, "अक्का, पाय!" म्हणाला. रत्नानं घास घेतला. पाय तिनं हलवला नाही. रिक्षा वळसा घालून गेली.